काप्रीची गाइडेड बोट + वॉकिंग टूर: काय घ्यायचं, काय सोडायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: मे महिन्यात पाच जण, म्हणजे नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी, आणि आई-बाबा (आई ६५, गुडघे कुरकुरतात, बाबा ७०, ठणठणीत). नेपल्सला तीन रात्री मुक्काम, त्यातला एक दिवस काप्री बेटाला द्यायचाय. नेपल्सहून निघणारी "ब्लू ग्रोटोसकट फुल डे गाइडेड बोट अँड वॉकिंग टूर" घ्यावी की आपलं आपण जावं? आईंना बोट लागते आणि घरात सगळे शाकाहारी.

मी मुंबई-पुण्याचे ग्रुप इटलीला घेऊन जाते, आणि ग्रुप कुठलाही असो, काप्री आयटनरीत असतंच, त्यामुळे यावर जरा लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी सरळ उत्तर. गाइड घ्या, बोटही घ्या, पण नेपल्सहूनचं अख्खं पॅकेज नको. जाण्या-येण्याची तिकिटं स्वतः काढा, बेटाभोवती चक्कर मारणारी बोट काप्रीच्या बंदरावर, मरीना ग्रांदेवर घ्या, आणि गाइड फक्त जमिनीवरच्या अडीच-तीन तासांसाठी सांगा, तो काप्रीच्या बंदरावर किंवा गावातल्या चौकात भेटेल. आणि ब्लू ग्रोटो, म्हणजे तिथली निळ्या उजेडाची प्रसिद्ध समुद्रगुहा, झाली तर झाली असं धरा. अख्खा दिवस त्या एका गुहेच्या नावावर गहाण टाकलेले लोक मी इतके बघितलेत की हे पहिल्यांदाच सांगून टाकते.

आता का ते. काप्री लहान आहे, साधारण दहा चौरस किलोमीटर, नकाशावर बघून वाटतं की दोन तासांत पायी होईल. पण ते आडवं नाहीये, उभं आहे. समोरच्या सोरेंटोच्या डोंगररांगेचाच समुद्रात तुटून राहिलेला चुनखडीचा तुकडा आहे तो, चारी बाजूंनी कडे, बंदर खाली, काप्री गाव दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत, अनाकाप्री हे दुसरं गाव त्याच्याही वर, आणि मोंते सोलारो हे टोक ५८९ मीटर. त्यामुळे तिथे "अंतर किती" याला फार अर्थ नाही, "पायऱ्या किती आणि चढायच्या की उतरायच्या" हे विचारायचं. बोटीतून बेटाचे बाहेरचे कडे दिसतात आणि चालताना आतलं बेट दिसतं, दोन्ही एकमेकांशिवाय अर्धवट, त्यामुळे बोट अधिक वॉक ही कल्पना चांगलीच आहे. घोळ होतो तो टूर विकणाऱ्यांच्या वेळापत्रकात.

ढोबळमानाने तीन प्रकारच्या टूर मिळतात. एक म्हणजे नेपल्स किंवा सोरेंटोहून मोठ्या ग्रुपची, हायड्रोफॉइल (वेगवान प्रवासी बोट), मिनीबस, जेवण, गाइड सगळं धरून. यात वीस-तीस माणसांमागे छत्रीवाला किंवा झेंडेवाला गाइड, कानात इअरफोन, आणि सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाच्या वेगाने सगळे. तुमच्या केसमध्ये सगळ्यात हळू चालणाऱ्या तुमच्या आई असतील आणि त्यांना सारखं ओशाळल्यासारखं होईल, हे मी अगदी जवळून बघितलंय. दुसरा प्रकार म्हणजे सोरेंटोहून सुटणारी दहा-बारा जणांची छोटी बोट, पोहायला थांबा, लिमोनचेल्लोचा (लिंबाच्या गोड दारूचा) एक ग्लास, बेटाला चक्कर, मग बेटावर उतरवून "चार तास फ्री टाइम". याला पण गाइडेड टूर म्हणतात, पण गाइडिंग काय ते पाण्यावरच, जमिनीवर तुमचे तुम्ही. बुक करण्याआधी हे एक वाक्य विचाराच, की गाइड आमच्याबरोबर जमिनीवर येणार आहे का आणि किती वेळ. आणि मे महिन्यात पोहायच्या थांब्याचे पैसे देऊ नका, पाणी अजून गारच असतं, आपली माणसं पाय बुडवून परत वर येतात. तिसरा प्रकार म्हणजे वर सांगितला तो, सुटं सुटं जोडलेला. पाच जणांच्या कुटुंबाला तोच परवडतो आणि तोच झेपतो.

गाइडबद्दल एक गोष्ट. इटलीत स्मारकांपाशी उभं राहून माहिती सांगायला लायसन्स लागतं. मी टूर मॅनेजर आहे, ग्रुपला घेऊन जाणं, तिकिटं, जेवण, रडारड हे माझं काम, पण अवशेषांपाशी व्याख्यान देणं तिकडच्या कायद्यात माझं काम नाही, तिथे लोकल गाइडच बोलतो. त्यामुळे नेपल्सहून बरोबर आलेला तरुण मुलगा "आय ॲम युवर गाइड" म्हणाला तरी तो गाइड असेलच असं नाही, बऱ्याचदा तो फक्त सोबत आलेला एस्कॉर्ट असतो. लायसन्सवाला गाइड घ्या म्हणतेय ते कायद्यासाठी नाही, माहितीसाठी, कारण काप्रीवर बघण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं सांगितल्याशिवाय दिसत नाही.

नेपल्स ते काप्री

आईंना बोट लागते म्हणालात ना, मग हे नीट वाचा. नेपल्सच्या मोलो बेवेरेल्लोहून हायड्रोफॉइल सुटतात, पाऊण-एक तासात पोचवतात, पण त्यात बंद केबिनमध्ये बसायचं, बाहेर डेकवर जाता येत नाही, आणि लाटा असल्या की धपाधप आपटते. शेजारच्या कालाता पोर्ता दी मास्सा धक्क्यावरून मोठ्या फेरी जातात, त्यांना दीड तासाच्या आसपास लागतो, पण जहाज जड, हलतं कमी आणि डेकवर वारा खात उभं राहता येतं, क्षितिजाकडे बघत राहिलं की निम्मा त्रास तिथेच कमी. मी तुमच्या जागी असते तर जाताना मोठी फेरी घेतली असती, कारण सकाळी बोट लागली की दिवस गेला, येताना बघू. दोन धक्के वेगळे आहेत, मध्ये चांगलं चालावं लागतं, टॅक्सीवाल्याला नुसतं "पोर्ट" सांगू नका. आपली घाटातली अ‍ॅव्होमिन असतेच सगळ्यांकडे, ती निघायच्या आधी एक-दोन तास घ्यायची, मळमळायला लागेपर्यंत थांबू नका. आईंना बीपी वगैरेच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी इथल्याच डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि अ‍ॅव्होमिनने झोप येते हे लक्षात असू दे, पुढे पायऱ्या आहेत. रिकाम्या पोटी नको, तुडुंब नाश्ता करूनही नको.

सकाळी आठच्या आसपास निघा. दहा-साडेदहाला नेपल्स, सोरेंटो, अमाल्फी, पोझितानो सगळीकडच्या बोटी एकदम रिकाम्या होतात आणि मग मरीना ग्रांदेवर पाय ठेवायला जागा नसते. बेटावर उतरायचा कर तिकिटातच लावलेला असतो, २०२४ पासून सीझनमध्ये तो माणशी ५ युरो आहे, तिकीट वेबसाइटवर दाखवलेल्या भाड्यापेक्षा महाग का हा प्रश्न दर वेळी येतो म्हणून सांगितलं.

बोट

उतरल्या उतरल्या आधी बोट करा, वर गावात नंतर. कारणं दोन. सकाळी समुद्र बहुतेक वेळा शांत असतो, दुपारनंतर वारा उठतो. आणि फाराल्योनीचे सुळके आग्नेय बाजूला आहेत, सकाळचं ऊन थेट त्यांच्यावर पडतं. धक्क्यावरच सामायिक बोटींच्या खिडक्या आहेत, नुसती बेटाची चक्कर साधारण तासाची, ब्लू ग्रोटोचा थांबा धरून दोन तास नाहीतर रांगेप्रमाणे कितीही. पाच जण आहात तर खासगी गोत्सो, म्हणजे तिकडची पारंपरिक लाकडी होडी, हाही पर्याय आहे, महाग पडतो पण आईंना त्रास व्हायला लागला तर "चला परत" म्हणता येतं, सामायिक बोटीत तसं म्हणता येत नाही. बोटीला छत आहे का आणि टॉयलेट आहे का हे पैसे देण्याआधी विचारा, आपल्याकडच्या ज्येष्ठांसोबत हा प्रश्न लाजून चालत नाही.

बोट पूर्वेकडून निघाली तर बेट पूर्ण वेळ उजव्या हाताला राहतं, उजवीकडची जागा धरा. ती पश्चिमेकडून निघाली तर डावीकडची. बोट लागणाऱ्याने मधे किंवा मागे बसायचं, पुढच्या टोकाला अजिबात नाही, फोटो चांगले येतात म्हणून सगळे तिथेच धावतात.

पूर्वेकडून गेलात तर आधी मोंते तिबेरिओचा कडा येतो, समुद्रातून सरळ वर गेलेला, साधारण तीनशे मीटर. वर रोमन सम्राट तिबेरियसच्या राजवाड्याचे अवशेष आहेत, व्हिला जोव्हिस. खालून काही दिसत नाही, पण मान वर करून बघून ठेवा, पुढे गोष्ट सांगते तेव्हा हा कडा आठवायला हवा. मग पांढरी गुहा, झुंबरांसारखे लोंबणारे चुनखडीचे खडक, मग वर नैसर्गिक कमान, मग एका टोकावर एकटंच लालबुंद घर, कासा मालापार्ते, १९३० च्या दशकाच्या शेवटी बांधायला घेतलेलं, त्याच्या गच्चीवर जाणारा रुंद जिना म्हणजेच त्याचं छप्पर. आत जाता येत नाही, बोटीतून किंवा वरच्या पायवाटेवरून बघायचं. मग फाराल्योनी, तीन सुळके, पहिला जमिनीला चिकटलेला आणि सगळ्यात उंच, मधल्याला आरपार भोक, बोट त्यातून जाते, तेव्हा नावाडी ओरडून सगळ्या जोडप्यांना किस करायला सांगतो, आई-बाबा कुठेतरी वेगळीकडे बघतील, तेवढं चालायचंच. तिसऱ्या, बाहेरच्या सुळक्यावर निळ्या सरड्यांची एक जात आहे, फक्त त्याच खडकावर राहणारी, बोटीतून दिसत नाही पण मुलीला सांगा, ती शोधत बसेल आणि तेवढा वेळ शांतता.

पश्चिमेच्या बाजूला बहुतेक बोटवाले वेग वाढवतात आणि म्युझिक लावतात. पण तिथे कड्यांवर जुन्या छोट्या तटबंद्या दिसतात, नेपोलियनच्या काळातल्या. १८०८ मध्ये फ्रेंचांनी काप्री इंग्रजांकडून जिंकून घेतलं, आणि तेव्हा बेटावरचा जो इंग्रज अधिकारी शरण आला तो हडसन लो, तोच पुढे सेंट हेलेनावर नेपोलियनचा पहारेकरी झाला. हे बोटीवर कुणी सांगत नाही.

ब्लू ग्रोटोचं काय

आता त्या गुहेकडे येऊ, कारण सगळा प्रश्न तिथेच अडकतो. १८२६ मध्ये आउगुस्ट कोपिश नावाचा जर्मन कवी-चित्रकार आणि त्याचा मित्र एका स्थानिक कोळ्याला घेऊन आत पोहत गेले आणि त्याने त्यावर लिहिलं, तेव्हापासून ती जगप्रसिद्ध. स्थानिकांना ती आधीपासून माहीत होती, रोमन लोकांना तर होतीच, १९६४ मध्ये तळातून रोमन मूर्ती वर काढल्यात आणि त्या अनाकाप्रीला कासा रोस्सा या लाल घरात ठेवल्यात. गुहेचं दिसणारं तोंड जेमतेम मीटरभर उंच. पण खरा उजेड तिथून येत नाही, त्याच्याखाली पाण्याखाली दुसरं बरंच मोठं भगदाड आहे, ऊन त्यातून पाण्यात गाळून आत येतं, तांबडा रंग पाण्यात शोषला जातो, निळा उरतो, आणि आतलं पाणी खालून उजळतं. हात पाण्यात घातला तर चंदेरी दिसतो. दिसायला अप्रतिम, यात वाद नाही.

पण तिथे पोचायची पद्धत ऐका. तुमची मोटरबोट गुहेबाहेर थांबते, पुढे दहा-पंधरा बोटी, इंजिन बंद किंवा नुसतं घुरघुरतंय, डिझेलचा वास, आणि बोट जागच्या जागी डुलतेय. बोट चालू असताना न लागणाऱ्यांनाही इथे लागते, मे-जूनमध्ये तासभर थांबणं काही विशेष नाही. मग एक छोटी वल्ह्यांची होडी शेजारी येते आणि पाण्यावरच एका बोटीतून दुसरीत उतरायचं. सिंधुदुर्ग किल्ल्याला किंवा जंजिऱ्याला लाटांवर होडीतून पायरीवर पाय टाकताना आपली जी तारांबळ उडते ना, तसंच, फक्त इथे पलीकडे पायरी नाही, तीही हलतीच होडी. होडीच्या तळाला चक्क बसायचं, एकाच्या पुढ्यात दुसरा, साधारण चार जण. तोंडाशी आलं की नावाडी ओरडतो, सगळ्यांनी पाठीवर आडवं व्हायचं, तो भिंतीवरची साखळी धरतो, लाट खाली बसायची वाट बघतो आणि एका हिसक्यात होडी आत ओढतो. खडक नाकाच्या वर वीतभर. आत पाचेक मिनिटं, एक गोल फेरी, नावाडी गाणं म्हणतो, आणि बाहेर यायच्या आधी टिपचा विषय निघतो. तिकीट वेगळं, अलीकडे माणशी १८ युरोच्या आसपास, ते चक्करवाल्या बोटीच्या पैशात बहुतेक वेळा धरलेलं नसतं, गुहेबाहेर तरंगत्या तिकीट खिडकीवर द्यायचं. पॅकेजमध्ये "ब्लू ग्रोटो इन्क्लुडेड" लिहिलेलं असलं तरी हे १८ त्यात आहेत का ते बघा.

शिवाय ती गुहा बेटाच्या वायव्य बाजूला. वायव्येचा वारा सुटला की तोंडाशी लाट चढते आणि ती बंद. ऊन लख्ख असतं, बाकी सगळीकडे समुद्र निवांत दिसतो, आणि लोक गाइडशी भांडतात की एवढ्या छान हवेत बंद कसं. मी असले वाद इतके मिटवलेत की आता सकाळी बंदरावर झाडांच्या फांद्या कुठल्या बाजूला वाकल्यात ते आधी बघते. सगळ्यात चांगला निळा रंग साधारण बारा ते दोन, आणि रांगही तेव्हाच सर्वात मोठी.

तर तुमच्या केसमध्ये मी असं करीन: बोट गुहेपाशी पोचली की पुढे किती बोटी आहेत ते बघायचं, पाच-सहा असतील तर बाबा, तुम्ही दोघं आणि मुलगी उतरा, आई मोठ्या बोटीवर बसतील. रांग जास्त असेल तर सरळ पुढे चला. आणि तरीही मन राहत नसेल तर दुसरा रस्ता आहे, अनाकाप्रीहून बस गुहेच्या वरपर्यंत जाते, तिथून पायऱ्या उतरून थेट वल्ह्यांच्या होडीत बसायचं, डुलत थांबणं नाही, मोटरबोटीचे पैसेही नाहीत. संध्याकाळी नंतर पोहत जातात काही लोक, पोहायला मनाई आहे, तो नाद नको. आणि आई साडी नेसणार असतील तर या दिवशी पंजाबी ड्रेस घालायला सांगा, होडीच्या तळाला थोडं पाणी असतं आणि पाय फाकवून बसावं लागतं.

वर गावात

मरीना ग्रांदेहून गावात जायला फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढावर ओढली जाणारी छोटी रेल्वे, १९०७ पासून चालू आहे, चार-पाच मिनिटांत वर. रांग असली तर छोट्या बसही आहेत, किंवा उघड्या टपाच्या टॅक्सी, त्या पाच जणांना एकदा परवडतात. वर पोचलं की पियाझेत्ता, घड्याळाचा मनोरा आणि चार कॅफे मावतील एवढा चौक. टेबलावर बसून कॉफी घेतलीत तर बसण्याचेच पैसे जास्त, आत काउंटरवर उभ्याने घ्या. गावाच्या गल्ल्यांमध्ये गाड्या नाहीत, फक्त सामानाच्या अरुंद बॅटरी गाड्या मागून पिप पिप करत येतात, आईंना भिंतीकडच्या बाजूने चालवा.

गाइडला इथेच भेटायचं आणि त्याला आधीच सांगायचं की शॉपिंगची गल्ली दाखवू नको, ती आम्ही आमची बघू. काप्रीचे बरेच गाइड पहिला अर्धा तास ब्रँडच्या दुकानांसमोरून नेतात, अत्तर, सँडल, लिमोनचेल्लो. त्याऐवजी बेटाची पूर्व बाजू मागा. दहा हजार माणसं रोज पियाझेत्तात ढकलाढकली करतात आणि पूर्वेच्या पायवाटेवर वीस मिनिटं गेलं की लिंबाच्या बागा, मांजरं आणि एखादा कुत्रा फिरवणारा आजोबा एवढंच उरतं.

इथे आपण कुटुंबाचे दोन भाग करू. ज्यांचे गुडघे बरे आहेत त्यांच्यासाठी मोठा फेरा: पियाझेत्ताहून मातेरमानियाच्या रस्त्याने नैसर्गिक कमानीपर्यंत, तिथून दगडी पायऱ्या उतरत मातेरमानियाची गुहा, जी रोमन लोकांनी कारंजी-मूर्तींनी सजवलेली होती, मग पित्सोलुंगोची पायवाट, उजवीकडे कडा डावीकडे समुद्र, खाली कासा मालापार्तेची लाल गच्ची, मग त्राघाराच्या नाक्यावर फाराल्योनी एकदम समोर. दीड-दोन तास. दिशा हीच ठेवा, उलटीकडून आलात तर त्या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. पण आईंना हा फेरा नको, उतरणं गुडघ्याला चढण्यापेक्षा वाईट. त्यांच्यासाठी पियाझेत्ता ते त्राघारा हा सरळ रस्ता आहे, वीसेक मिनिटं, जवळजवळ सपाट, शेवटी बाक आणि तोच फाराल्योनीचा देखावा. म्हणजे दोन्ही पार्ट्या त्राघाराला भेटतात. हे असं जुळवणं ग्रुप टूरमध्ये अशक्य, खासगी गाइडमध्ये सहज.

दुसरा पर्याय व्हिला जोव्हिस, समुद्रापासून ३३४ मीटरवर, पियाझेत्ताहून पाऊण तास सतत चढ. बाबांना इतिहासाची आवड असेल आणि दम असेल तर मी मोठ्या फेऱ्यापेक्षा हे घेईन. (उघडं आहे का ते आदल्या दिवशी बघा, वार आणि वेळा बदलत असतात.) सम्राट तिबेरियस इसवी सन २७ च्या सुमारास रोम सोडून इथे येऊन राहिला आणि ३७ मध्ये मरेपर्यंत साम्राज्य इथूनच हाकलं, परत रोमला गेलाच नाही. कड्याच्या टोकावर बोट दाखवून "इथून तो माणसांना खाली फेकायचा" हे प्रत्येक गाइड सांगतो. मला त्यापेक्षा कोळ्याची गोष्ट आवडते. स्युटोनियस या रोमन चरित्रकाराने लिहिलंय की तिबेरियस बेटावर आल्यावर काही दिवसांतच एक कोळी मागच्या कड्यावरून चढून अचानक त्याच्यासमोर आला, भेट म्हणून मोठा मासा घेऊन. सम्राट दचकला, की इतका बिनवाटेचा कडा चढून कुणी येऊ शकतं, आणि त्याने तोच मासा त्या बिचाऱ्याच्या तोंडावर घासायला लावला. मार खाता खाता कोळी म्हणाला, बरं झालं मी तो मोठा खेकडा नाही दिला. मग सम्राटाने खेकडाही मागवला. सकाळी बोटीतून बघितलेला कडा इथे वरून बघायचा आणि ही गोष्ट ऐकायची, तेव्हा बोट आणि चालणं एकाच दिवशी का करायचं ते कळतं. अर्थात स्युटोनियस शंभरएक वर्षांनी लिहीत होता आणि तिबेरियसबद्दल त्याचं मत काही बरं नव्हतं, चांगला गाइड हेही सांगतो.

तिथे टाक्या नक्की बघा. राजवाड्याच्या मधोमध प्रचंड हौद आहेत पावसाचं पाणी साठवायला, कारण बेटावर पाणी नाहीच. आजही पाणी समुद्राखालच्या पाइपलाइनने मुख्य भूमीवरून येतं, आणि जून २०२४ मध्ये त्या पुरवठ्यात बिघाड झाला तेव्हा मेयरने पर्यटकांना बेटावर उतरायला बंदीच घातली, पाणी सुरू झाल्यावर उठवली. त्या दिवशी नेपल्सच्या धक्क्यावर अडकलेल्यांना हौदांचं महत्त्व कुणी सांगायला नको.

आणखी एक छोटी जागा, ऑगस्टसची बाग. तिकीट किरकोळ, चालणं कमी, आईंना जमेल. तिथून खाली व्हिया क्रुप दिसते, कड्यावरून नागमोडी उतरणारी वाट, जर्मन उद्योगपती क्रुपने १९०० ते १९०२ दरम्यान करून घेतलेली. दरडींमुळे ती वर्षानुवर्षं बंद राहिलेली आहे, उघडी मिळाली तर नशीब. बागेशेजारी लेनिनचं स्मारक बघून सगळे चमकतात, इथे लेनिन? रशियन लेखक गॉर्की १९०६ नंतर काही वर्षं काप्रीला राहत होता, लेनिन त्याच्याकडे दोनदा येऊन गेला. आमच्या ग्रुपमधले जुने डावे काका इथे हमखास फोटो काढतात.

अनाकाप्री आणि मोंते सोलारोची चेअरलिफ्ट, एकेका माणसाची खुर्ची, बारा-तेरा मिनिटं, पाय लोकांच्या परसातल्या वांग्या-टोमॅटोच्या वाफ्यांवरून तरंगत जातात. सुंदर आहे, पण बोट, पूर्वेचा वॉक आणि हे, तिन्ही एका दिवसात कोंबू नका. ब्लू ग्रोटो बंद असेल तर त्या वेळात हे बसतं.

जेवण

शाकाहारी असाल तर काप्री इटलीतल्या सोप्या जागांपैकी. काप्रेझे सॅलड इथलंच, टोमॅटो, मोझरेल्ला, बेझिल, आणि काप्रीचे राव्हियोली, आत चीज आणि मार्जोरमची पानं, वर टोमॅटोचा सॉस. पण अंडं चालत नसेल तर विचारा, कारण सारणात कधी असतं कधी नसतं, "सेन्झा उओवा" म्हणायचं. खरं पार्मेझान वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) घालून करतात, कट्टर असाल तर ते वरून भुरभुरू नका म्हणून सांगा. तोर्ता काप्रेझे हा बदाम-चॉकलेटचा केक, त्यात अंडी भरपूर. बिलात "कोपेर्तो" म्हणून माणशी दोन-चार युरो लागतात, ती फसवणूक नाही, तिकडची पद्धत आहे. आणि पिशवीत ठेपले-चटणी ठेवाच, त्राघाराच्या बाकावर ते राव्हियोलीपेक्षा जास्त चालतात असा अनुभव आहे.

पायात बूट घाला, स्लीपर किंवा गुळगुळीत तळाचे सँडल नकोत, तिथले दगड लाखो पावलांनी घासून चकचकीत झालेत.

परत येताना

परतीचं तिकीट सकाळीच किंवा आदल्या दिवशी ऑनलाइन काढून ठेवा. चार ते सहा या वेळात सगळ्यांना एकदम निघायचं असतं, फ्युनिक्युलरच्या रांगेत अर्धा तास आणि खाली धक्क्यावर परत तेवढाच, त्यामुळे बोटीच्या वेळेआधी तासभर पियाझेत्तातून निघा. शेवटची बोट कधीच पकडायची ठेवू नका, वारा वाढला की हायड्रोफॉइल आधी रद्द होतात, मोठ्या फेरी बऱ्याचदा चालू राहतात, पण तेव्हा सगळी जनता त्या एका जहाजावर येते.

आणि तीन रात्रींमधला पहिला मोकळा दिवस काप्रीला द्या. समुद्र खवळला तर त्या दिवशी ट्रेनने हर्क्युलेनियमला, म्हणजे व्हेसुव्हियस ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहराला, जाता येतं, नेपल्सहून वीस मिनिटांवर आहे, काप्री दुसऱ्या दिवशी ढकला. शेवटच्या दिवशी ठेवलंत तर ढकलायला जागाच राहत नाही, आणि फ्लाइटच्या दिवशी तर अजिबातच नको.